कर्मवीरांनी नाकारलेले स्नान

कोपरगावचे श्री सद्गुरू गंगागीर महाराज सायन्स, गौतम आर्ट्स आणि संजीवनी कॉमर्स महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे. या संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील हे जैन कुटुंबात जन्मले, याचा समाजाला सार्थ अभिमान वाटतो. मात्र त्यांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग समाजाला अंतर्मुख करणारा आहे.

१८८७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव शिक्षणासाठी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत असत. त्या काळी अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनास ते उपस्थित राहिले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले आणि बोर्डिंग सोडावे लागले तरी माघार घेतली नाही. अहिंसेचे संस्कार जेथे मिळावयाचे, तेथेच विटाळाचा विचारही नांदत होता, ही वस्तुस्थिती आहे.

पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. १९२४ मध्ये साताऱ्यास सुरू झालेल्या त्यांच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र श्रम करीत आणि एकाच पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या लक्ष्मीबाईंनी या मुलांना आईची माया दिली आणि त्यांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिनेही मोडले. भेदाविरुद्धचा संवाद या दांपत्याने व्यासपीठावरून आरंभिला नाही. तो स्वयंपाकघरातून आरंभिला.

आगमाची साक्षही हेच सांगते. उत्तराध्ययन सूत्राच्या बाराव्या अध्ययनात हरिकेशबल मुनींची कथा येते. चांडाळ कुळात जन्मलेल्या या तपस्व्याला यज्ञमंडपातून अपमानित करून हाकलले जाते. शेवटी श्रेष्ठत्व ठरते ते तपाने, जन्माने नव्हे. ही कथा श्रद्धेने ऐकणाऱ्या घरात काम करणाऱ्या बाईसाठी चहाचा कप निराळा ठेवला जात असेल, तर श्रवण आणि आचरण यांचा मेळ बसत नाही. हिशेबाच्या वहीत असा फरक निघाला, तर व्यापारी तो सापडेपर्यंत स्वस्थ बसत नाही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून माल विकण्यास किंवा सेवा देण्यास नकार देणे हा गुन्हा आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. देशाबाहेरही या प्रश्नाची दखल घेतली जाते. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिएटल शहराने जातीय भेदभावावर बंदी घातली. तेथे भारतीय म्हणून वर्णभेदाचा अनुभव घेणारी मुले आपल्या सहकाऱ्याचे आडनाव विचारून अंतर ठेवू लागली, तर त्यांनी तो संस्कार घरूनच नेलेला असतो.

व्यापारी समाजाच्या हाती या बाबतीत मोठे सामर्थ्य आहे. गाळा कोणाला द्यावयाचा, घर कोणाला भाड्याने द्यावयाचे, गल्ल्यावर कोणाला बसवावयाचे, उधारीसाठी कोणावर विश्वास ठेवावयाचा, हे निर्णय रोज होत असतात. आहारशुद्धीचा आग्रह प्रामाणिक असू शकतो. परंतु शाकाहार पाळू इच्छिणाऱ्या कुटुंबालाही केवळ आडनाव ऐकून घर नाकारले जात असेल, तर तेथे प्रश्न आहाराचा उरत नाही. हमालीला चालणारा माणूस मुनीम म्हणून का चालत नाही, हेही स्वतःस विचारावयास हवे.

हा विषय काढला की वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात आणि तरुण मुले उतावीळ होतात. घरात दोघांनीही एकमेकांचे ऐकून घेणे आवश्यक आहे. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणताना क्षमा बहुधा आप्तेष्टांची मागितली जाते. दुकानातील हमाल, घरातील कामवाली आणि घर नाकारलेला भाडेकरू हेही त्याच क्षमायाचनेचे अधिकारी आहेत. चातुर्मासातील एखादी स्वाध्यायाची बैठक या विषयासाठी राखून ठेवावी आणि त्या बैठकीस ज्यांनी हा भेद सोसला, त्यांनाही सन्मानाने बोलावून त्यांचे म्हणणे आधी ऐकावे.