जठरनिर्गमाचा अवरोध आणि रामश्टेटची शस्त्रक्रिया

जठरातील अन्न ग्रहणीत उतरते त्या द्वारास जठरनिर्गम म्हणतात. काही अर्भकांत ह्या द्वाराभोवतीचा वर्तुळाकार स्नायू जन्मानंतर काही आठवड्यांत इतका जाड होतो की आतील मार्ग जवळजवळ मिटतो. मूल सामान्यतः तीन ते सहा आठवड्यांचे असते. मुलींपेक्षा मुलांत हा विकार सुमारे चौपट आढळतो. दूध पाजताच जोराची वांती होते, तीत पित्त नसते, आणि वांतीनंतर मूल पुन्हा भुकेने रडू लागते. स्नायू असा का वाढतो, ह्याचा पुरता उलगडा अद्यापि झालेला नाही.

कोपनहेगनचे बालरोगवैद्य हिर्शस्प्रुंग ह्यांनी १८८८ साली अशा दोन अर्भकांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा विकार वैद्यकास नीट परिचित झाला. उपाय मात्र सुचत नव्हता. प्रौढांसाठी एक मार्ग आधीच निघाला होता. १८८१ साली व्हिएन्ना येथे व्हल्फ्लर ह्यांनी कर्करोगाने बुजलेला निर्गम तसाच ठेवून जठर थेट लहान आतड्याशी जोडले होते. परंतु उपासमारीने क्षीण झालेल्या महिन्याभराच्या बालकास एवढी दीर्घ शस्त्रक्रिया सहसा सोसत नसे. पुढे फ्रान्समध्ये फ्रेदे ह्यांनी केवळ स्नायूच उभा छेदून तो आडवा शिवण्याची युक्ती काढली. दिशा योग्य होती. अडचण होती ती शिवणीची.

१९११ साली जर्मनीतील म्युन्स्टर येथे कॉनराट रामश्टेट ह्यांनी एका अर्भकाचा स्नायू असाच छेदला व तो आडवा शिवू लागले. ताठ स्नायूत टाके धरेनात, ते फाटून निघाले. तेव्हा छेद उघडाच ठेवून त्यांनी त्यावर वपेचा एक तुकडा बसविला. मुलास काही दिवस वांत्या झाल्या, पण ते बरे झाले. पुढल्या वर्षी दुसऱ्या बालकाच्या वेळी त्यांनी टाके घालण्याचा यत्नच केला नाही. फसलेल्या टाक्यातून पद्धती निघाली हे खरे. पण ते टाके मुळातच अनावश्यक होते हे ओळखणे, ह्यास मी योगायोग म्हणणार नाही.

ह्या क्रियेचे मर्म असे: स्नायू लांबीने छेदून त्याच्या कडा विलग केल्या की आतील अक्षत श्लेष्मकला छेदात फुगून वर येते व मार्ग मोकळा होतो. जठराची पोकळी उघडलीच जात नसल्याने आतील द्रव्य उदरात सांडत नाही. खरा धोका ग्रहणीच्या टोकाशी असतो. तेथे जाड स्नायू एकाएकी संपतो आणि श्लेष्मकला अगदी वर आलेली असते. हात किंचित पुढे गेला तर तिला छिद्र पडते. म्हणून पुष्कळ शल्यचिकित्सक शेवटी नळीने जठरात हवा भरून कोठे बुडबुडा येतो का ते पाहतात. आज हीच क्रिया नाभीजवळच्या छेदातून किंवा दुर्बिणीच्या साह्याने करतात. छेद कोठून घ्यावा ह्याची चर्चा, माझ्या मते, जरा अधिकच होते.

कारण मूल दगावण्याचे भय सुरीपेक्षा रक्तातील बिघाडात अधिक असते. वांतीवाटे पाण्याबरोबर हायड्रोक्लोरिक अम्ल जाते. रक्तातील क्लोराइड घटते व बायकार्बोनेट वाढते. प्रारंभी मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट बाहेर टाकतात. पण शरीर शुष्क होत गेले की सोडियम राखण्यासाठी ती पोटॅशियम, आणि अखेरीस हायड्रोजनही सोडू लागतात. रक्त क्षारधर्मी असूनही मूत्र अम्लधर्मी व्हावे, ही विसंगती विद्यार्थ्यांना नेहमी गोंधळात पाडते; तिचा अर्थ एवढाच की ह्या अवस्थेत शरीर अम्लतेच्या समतोलापेक्षा पाणी राखण्यास अग्रक्रम देते.

म्हणून ही शस्त्रक्रिया तातडीची नव्हे. प्रथम शिरेवाटे लवणद्राव व ग्लुकोज द्यावे, आणि लघवी होऊ लागल्यावर त्यात पोटॅशियम मिसळावे. लिटरमागे क्लोराइड १०० मिलिमोलच्या आसपास चढेपर्यंत व बायकार्बोनेट ३० च्या खाली उतरेपर्यंत थांबावे, मग त्यास एक दिवस लागो वा दोन. क्षाराधिक्याने श्वसनाची प्रेरणा मंदावते. ते तसेच ठेवून भूल दिली, तर नंतर बालकाचा श्वास मधूनमधून थांबण्याचा धोका असतो. शस्त्रक्रिया यथासांग झाल्यावर काही तासांतच दूध सुरू करता येते. पहिले एकदोन दिवस थोडी वांती होतेच. ती होणार हे मातेस आधीच सांगून ठेवावे.