उंचावरचं इंजिन आणि क्लचमधली तीन वजनं

1918च्या सप्टेंबरात कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या शिखरावर एक ट्रक चढवला गेला. ट्रकवर बारा सिलिंडरचं लिबर्टी विमान-इंजिन बांधलं होतं आणि सोबत जनरल इलेक्ट्रिकचा अभियंता सॅनफर्ड मॉस होता. माथा सुमारे 4,300 मीटरवर. सखल प्रदेशात साडेतीनशे अश्वशक्ती देणारं ते इंजिन तिथं 230वर येऊन थांबलं. मग मॉसनं आपली टर्बाइन, म्हणजे आजच्या भाषेत टर्बो, जोडली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर ती फिरायची आणि बाहेरची विरळ हवा दाबून सिलिंडरात भरायची. इंजिन 356 अश्वशक्ती द्यायला लागलं. दोन महिन्यांत महायुद्ध संपलं आणि मॉसच्या टर्बोला लढाईत भाग घेता आला नाही.

ही कल्पना मॉसची नव्हे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं 1905मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण टर्बो शर्यतीच्या गाड्यांसाठी जन्मला असं समजणाऱ्यांनी पाइक्स पीकची ही चाचणी लक्षात ठेवावी. उंचीनं हिरावलेली ताकद परत मिळवणं, एवढंच तिथलं काम होतं. त्याच रॉकी पर्वतरांगेत, वायोमिंग, माँटाना, आयडाहो आणि सीमेपलीकडच्या ब्रिटिश कोलंबियात, आज हिवाळाभर हेच काम चालू असतं. फक्त इंजिन आता विमानाचं नाही, बर्फावरून धावणाऱ्या स्नोमोबाईलचं आहे.

स्नोमोबाईलचा जन्म मात्र डोंगरातला नाही. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा 1934च्या हिवाळ्यात दगावला. रस्ते बर्फाखाली गेले होते आणि इस्पितळ गाठता आलं नाही. बर्फावर चालणाऱ्या गाडीचा ध्यास बोम्बार्डिएला आधीपासून होता, तो आता पक्का झाला. 1937मध्ये त्यानं पेटंट मिळवलं आणि 1959मध्ये एकट्या-दुकट्या माणसाची हलकी ‘स्की-डू’ बाजारात आणली. तिकडे मिनेसोटातल्या रोझो गावात ‘पोलारिस’ उभी राहिली. ही सगळी सपाट मुलखातली, गोठलेल्या तळ्यांवरची यंत्रं होती. डोंगर नंतर आला आणि त्यानं यंत्राचा आकारच बदलून टाकला. डोंगरी स्नोमोबाईलचा, म्हणजे ‘स्लेड’चा, पट्टा लांब, तीन फुटांच्या भुसभुशीत बर्फातही तरंगत राहील असा. 154 इंचांपासून 175 इंचांपर्यंत लांबी आणि त्यावर अडीच-तीन इंच उंचीचे रबरी दाते. यंत्राचं वजन दोनशे किलोच्या आसपास. हा पट्टा ताज्या बर्फात फिरवत ठेवायला जी ताकद लागते, ती सपाटीवरच्या माणसाला सांगून पटत नाही. वाहन वेगानं पळत असतं म्हणून ताकद लागते असं नाही. पट्ट्याखालचा बर्फ सतत सरकत असतो आणि क्षणभर जरी पट्टा मंदावला तरी स्लेड जागच्या जागी खड्डा खणून बसतं.

आणि नेमकी इथंच ताकद कमी पडते. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो. मेकॅनिक मंडळींचा ठोकताळा असा, की साधं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे पायथ्याशी 165 अश्वशक्ती देणारं इंजिन दहा हजार फुटांवर 115-120वर येतं. आपल्याकडे गुलमर्गला, साधारण 2,650 मीटरवर, सहलीला जाऊन स्नोमोबाईलच्या मागच्या सीटवर बसून आलेले मराठी पर्यटक आता थोडे नाहीत. त्यांना हा फरक जाणवण्याचं कारण नाही, कारण तिथली फेरी दाबून बसलेल्या बर्फावरची. सियाचिनमध्ये ज्याला लष्कर ‘स्नो स्कूटर’ म्हणतं त्यावर सामान ओढणाऱ्या जवानांना तो नक्कीच कळत असणार.

आता हिशोब करू. समुद्रसपाटीला हवेचा दाब 14.7 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच). तीन हजार मीटरवर तो दहाच्या जरा वर. म्हणजे साडेचार पीएसआयचा जादा दाब, ‘बूस्ट’, दिला की इंजिनाला आपण समुद्रकिनारीच आहोत असं वाटायला हवं. निदान कागदावर. प्रत्यक्षात हवा दाबली की ती तापते, तापली की फुगते, आणि दाबातून मिळालेल्या फायद्याचा काही भाग तिथंच जातो. बाजारातली टर्बो किट मात्र साडेचारवर थांबत नाहीत. आठ, दहा, त्याहून पुढे. इथून पुढचा प्रवास उंचीची भरपाई करण्याचा राहत नाही. तो हौसेचा होतो, आणि खिशाचाही.

डोंगरातल्या बहुतेक स्लेडना टू-स्ट्रोक इंजिन असतं. कारण उघड आहे: तेवढ्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक जड होतं. कारखान्यांनी टर्बो लावलेली फोर-स्ट्रोक स्लेड कधीच आणली होती, पण खोल बर्फात त्यांचं नाक जड पडायचं. टू-स्ट्रोकला टर्बो लावणं मात्र अवघड, कारण टू-स्ट्रोकची निम्मी ताकद त्याच्या सायलेन्सरच्या फुगीर नळीत, एक्स्पान्शन चेंबरमध्ये असते. बाहेर पडलेल्या धुराची दाबलहर या नळीत आपटून परत येते आणि सिलिंडरातून निसटू पाहणारं ताजं मिश्रण आत ढकलते. हे शास्त्र पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेननं घासूनपुसून घडवलं. त्याचा चालक अर्न्स्ट डेग्नर 1961मध्ये स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून गेला आणि ती विद्या सुझुकीकडे पोचली. (शीतयुद्धातल्या हेरकथांपेक्षा ही कथा मला नेहमीच जास्त रंगतदार वाटते, अणुबाँबऐवजी सायलेन्सर.)

ती लहर वेळेवर परत आली तरच उपयोग. म्हणून टू-स्ट्रोकची खरी ताकद एका अरुंद पट्ट्यात असते. आठ हजार आरपीएमच्या आसपास, थोडं अलीकडे-पलीकडे. त्या पट्ट्याच्या दोनशे आरपीएम बाहेर गेलात तर ताकद ढासळते. शिवाय हा पट्टा स्थिर नाही. नळी तापली की आतल्या धुरातून लहर जास्त वेगानं जाते, आणि सर्वोच्च ताकदीचा बिंदू वर सरकतो. लांब चढाच्या सुरुवातीला एक आकडा बरोबर, शेवटाला दुसरा. टर्बोचं पातं आत घुसवलं की ही सगळी मांडणी हलते. ते नळीच्या आधी बसवायचं की नंतर, यावर किट बनवणाऱ्यांत वर्षानुवर्षं मतभेद राहिले.

दुसरा प्रश्न इंधनाचा. हवा दाबून भरली की पेट्रोल ठिणगीची वाट न बघता स्वतःच्या मर्जीनं पेटू लागतं. इंजिन ‘नॉक’ होतं, आणि टू-स्ट्रोकमध्ये हा आवाज ऐकू येईपर्यंत पिस्टनला भोक पडलेलं असू शकतं. अमेरिकी पंपावरचा 91 हा ऑक्टेनचा आकडा आपल्याकडच्या मोजणीत साधारण 95च्या घरात बसतो. कमी बूस्टला तो पुरतो. बूस्ट वाढवला की शर्यतीचं महाग पेट्रोल डब्यातून मिसळायचं, किंवा इथेनॉल. इथेनॉल बाष्प होताना हवा थंड करतं आणि नॉकिंगला आवर घालतं, पण ते जास्त लागतं आणि पाणी शोषतं. म्हणून किटसोबत सिलिंडरचं हेड बदलून दाब कमी करणं, मोठे इंजेक्टर, बूस्ट सोडणारा झडपेचा नियंत्रक, आणि इंजिनाच्या संगणकात नवी इंधन-कोष्टकं, एवढा लवाजमा येतो. हवा पुरेशी आहे पण पेट्रोल कमी, ही चूक थंडीत जास्त होते, कारण उणे वीस अंशांची हवा दाट असते आणि कोष्टक बनवणाऱ्यानं ते कदाचित उणे पाचला बनवलेलं असतं.

पण हौशी मंडळींच्या गप्पा जितक्या बूस्टभोवती फिरतात, तितक्या क्लचभोवती फिरत नाहीत. माझ्या मते यात उलटं व्हायला हवं. टर्बो विकत मिळतो. क्लच जमवावा लागतो.

आपल्याकडे 1980च्या दशकात कायनेटिक होंडा आली आणि गिअर न बदलता स्कूटर चालवता येते हे महाराष्ट्राला कळलं. आज दारोदार उभ्या असलेल्या गिअरलेस स्कूटरच्या डाव्या झाकणाखाली तीच रचना आहे: दोन पुल्या, मधे रबरी पट्टा, आणि पुढच्या पुलीत इंजिनाच्या वेगाबरोबर बाहेर फेकले जाणारे गोल रोलर. मोटारीत ही कल्पना 1958मध्ये नेदरलंड्सच्या डाफ कंपनीनं आणली. स्नोमोबाईलचा क्लच म्हणजे याच कुळातला, फक्त जिथं स्कूटरचा पट्टा आठ-दहा अश्वशक्ती ओढतो तिथं हा दोनशे ओढतो.

पुढची पुली इंजिनाच्या क्रँकवर. तिच्यात बिजागरीवर फिरणारी वजनं, बहुतेकदा तीन. इंजिन फिरलं की ती बाहेर झेपावतात, पुलीच्या दोन चकत्या एकमेकींकडे ढकलतात, पट्टा वर चढतो, म्हणजे गाडी ‘वरच्या गिअरात’ जाते. मधली स्प्रिंग त्यांना अडवते. मागच्या पुलीत स्प्रिंग आणि एक तिरपा कापलेला नळकांडीसारखा भाग, हेलिक्स. पट्ट्यावर भार वाढला की हेलिक्स चकत्या आवळून धरतो आणि पट्टा परत खालच्या गिअरकडे ओढतो. ही रस्सीखेच जिथं बरोबरीत सुटते, तिथं इंजिनाचा वेग ठरतो. वजनाचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून वजन एखाद-दोन ग्रॅमनं वाढवलं की पूर्ण थ्रॉटलवरचा वेग शंभर-दोनशे आरपीएम उतरतो. टू-स्ट्रोकचा अरुंद पट्टा आठवा: त्याच्या बाहेर जायला एवढंच पुरतं. सुताराच्या पटाशीपेक्षा सोनाराच्या तराजूचं हे काम.

साध्या इंजिनात उंचीबरोबर ताकद घटते, म्हणून उंची वाढली की हलकी वजनं घालावी लागतात. नाहीतर क्लच इंजिनाला दाबून टाकतो. स्की-डूच्या जुन्या टीआरए क्लचमध्ये तर स्क्रूच्या खुणा फिरवून हे वाटेतच करता यायचं. टर्बोनं हा त्रास एका बाजूनं मिटवला: ताकद उंचीवर टिकते, म्हणून तीच वजनं पायथ्यापासून माथ्यापर्यंत चालू शकतात. दुसऱ्या बाजूनं नवा त्रास आणला. बूस्ट एकदम येतो. थ्रॉटल उघडल्यावर टर्बाइन गरगरायला क्षण-दीड क्षण लागतो आणि मग ताकद धडकते. वजन हलकं असेल तर इंजिन ताकदीच्या पट्ट्यापलीकडे उधळतं. जड असेल तर बूस्ट बनण्याआधीच इंजिन दबतं, आणि दबलं की बूस्टच बनत नाही. म्हणून टर्बोसाठीची वजनं बदलत्या भाराची असतात. त्यांच्या मुळाशी, मध्यावर आणि टोकाशी वेगवेगळे छोटे स्क्रू किंवा रिव्हेट बसवता येतात. मुळाशी भर घातली की सुरुवातीची पकड बदलते, टोकाशी घातली की वरचा वेग आवरतो.

जाणता माणूस एका वेळी एकच गोष्ट बदलतो. खोल बर्फात पूर्ण थ्रॉटलची एक लांब चढाई, आणि डोळा आरपीएमवर. सुरुवातीपासून शेवटापर्यंत काटा एका जागी राहिला तर जमलं. वर चढत गेला तर टोकाला भर कमी. मधेच बसला तर हेलिक्सचा कोन जास्त तिखट. झाडीत चालवणाऱ्याला हेलिक्स सौम्य हवा, कारण तिथं थ्रॉटल दर दोन सेकंदांनी सोडायचा-दाबायचा असतो, आणि सोडल्यावर पट्टा पटकन खाली उतरला नाही तर पुढच्या झाडाआधी ताकद मिळत नाही. उघड्या उतारावर सरळ चढणाऱ्याचं याच्या नेमकं उलटं. यावर ओलाव्ह आन या अमेरिकेतल्या ट्यूनरचं क्लच जमवण्याचं हातपुस्तक टर्बोपूर्व काळातलं, तरी अजून गॅरेजांत सापडतं.

मग स्लेड थांबवून झाकण उघडायचं आणि पुलीला हात लावायचा. हात ठेवता आला तर ठीक. नसेल ठेवता येत, तर ताकद पट्टा घसरून उष्णतेत जाते आहे. इन्फ्रारेड थर्मामीटर आता सगळ्यांकडे असतो, पण हाताची कसोटी कोणी सोडलेली नाही. पट्टा तुटला की तो शेकडो डॉलरचा भुर्दंड, आणि जंगलात असाल तर त्याहून मोठा.

2020च्या मॉडेलात स्की-डूनं 850 घनसेंमीच्या टू-स्ट्रोकला कारखान्यातूनच टर्बो लावला आणि 8,000 फुटांपर्यंत 165 अश्वशक्ती टिकतील असं सांगितलं. पाठोपाठ 2022साठी पोलारिस आली. 2023पासून स्की-डूचा आकडा 180 झाला. अनेकांना वाटलं, किट बनवणाऱ्यांचं दुकान आता बंद. तसं झालं नाही. कारखान्याचा टर्बो हमीच्या, प्रदूषणाच्या आणि पंपावरच्या पेट्रोलच्या मर्यादेत जगतो. बाहेरच्यांनी त्याच टर्बोला जास्त बूस्ट देणारी संगणक-कोष्टकं विकायला घेतली. यातली बरीच उलाढाल कायद्याच्या करड्या पट्ट्यात आहे. 2006च्या मॉडेलपासून अमेरिकेत स्नोमोबाईलला प्रदूषण-मर्यादा लागू आहेत, आणि प्रमाणित इंजिनाचं नियंत्रण मोडणारी उपकरणं विकणाऱ्यांवर पर्यावरण संस्थेनं गेल्या काही वर्षांत दंड लावले आहेत. ‘केवळ शर्यतीसाठी’ असं लिहिलेली पेटी मग बेताच्या जंगलवाटेवर कशी सापडते, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट टर्बोनं बदलली, जिची जाहिरात कोणी करत नाही. जिथं पूर्वी स्लेड दम टाकून अर्ध्यावर थांबायचं, तिथं आता ते माथ्यापर्यंत जातं. हिमस्खलनं मुख्यतः तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, आणि ‘हायमार्किंग’ म्हणजे याच उतारांवर सर्वांत वरची खूण कोण सोडतो याची चुरस. 28 डिसेंबर 2008ला ब्रिटिश कोलंबियात हार्वे खिंडीजवळ आठ जण एकाच दिवसात गेले. 13 मार्च 2010ला रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर मोठा जमाव चढाईची चुरस बघत असताना उतार सुटला, दोघं मेले, तिसाच्या आसपास जखमी झाले. ही माणसं टर्बोनं मारली, असं कोणी म्हणू नये. पण त्या उतारांवर पोचणं हळूहळू सोपं झालं आहे, हेही खरं.

आणि म्हणून वापरलेलं टर्बो स्लेड घ्यायला आलेला जाणकार बूस्टचा आकडा सर्वांत शेवटी विचारतो. आधी क्लचचं झाकण उघडतो. चकत्यांवर रबराचे काळे ओरखडे आहेत का, पट्ट्याच्या बाजू काचेसारख्या चमकताहेत का, वजनांवरचे आकडे कागदावरच्या नोंदीशी जुळतात का, ते बघतो. कोणतं पेट्रोल घालायचात, आणि क्लच किती उंचीवर जमवला होता, हे विचारतो. विकणाऱ्याकडे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसलं, तर पुढची बोलणी बऱ्याच खालच्या किमतीपासून सुरू होतात.