दाराची चौकट बदलताना

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ भागात पाऊस फार. बाहेरच्या दाराची चौकट उंबरठ्यापाशी आधी कुजते, मग वाळवी लागते आणि कडी नीट बसत नाही. निफाड, सिन्नरकडे तर उसात बिबट्याची भीती. रात्री दार घट्ट लागायलाच हवं. म्हणून आम्ही गटांना सांगतो, चौकट उन्हाळ्यातच बदला.

आधी वर पाहा. चौकटीवर लिंटल किंवा भक्कम तुळई आहे ना? जुन्या मातीच्या घरात भिंतीचा भार कधी कधी चौकटीवरच असतो. तसं असेल किंवा शंका असेल, तर हात लावू नका, गवंड्याला बोलवा.

लिंटल असेल तर बिजागऱ्या काढून दार उतरवा. कडेचा गिलावा छिन्नीने फोडून जुनी चौकट सोडवा. नव्या चौकटीला भिंतीकडच्या बाजूने डांबर लावा, दोन्हीकडे ३-३ होल्डफास्ट बसवा. चौकट जड असते, तिघी-चौघींनी मिळून उभी करा आणि पाचरी ठोका. ओळंबा सोडून उभ्या बाजू तपासा. मग सुतळीने तिरपे कोपरे मोजा. दोन्ही मापं सारखी आली, की चौकट काटकोनात बसली. इथे घाई केली, तर दार कायम घासतं.

होल्डफास्टच्या खळग्यांत काँक्रीट भरा, ७ दिवस पाणी मारा. मगच ३ बिजागऱ्यांवर दार टांगा. तोवर रात्री शेजारी झोपायची सोय आधीच करून ठेवा.

काम निघालं, की गटातल्या मैत्रिणींना हाक मारा.