व्हिडिओ तुमचा, चॅनेल कोणाचं?

मे २०२५ मध्ये मुंबईत भरलेल्या ‘वेव्हज’ परिषदेत यूट्यूबचे प्रमुख नील मोहन यांनी सांगितलं की, आधीच्या तीन वर्षांत कंपनीने भारतातले क्रिएटर, कलाकार आणि माध्यम कंपन्यांना मिळून २१,००० कोटी रुपयांहून अधिक रक्कम दिली. वर्षभरात देशातल्या १० कोटींहून अधिक चॅनेलांवर काही ना काही अपलोड झालं होतं. त्यांपैकी १० लाखांहून जास्त सबस्क्रायबर असलेली चॅनेलं होती १५,००० च्या वर. पाककृती, शेती, कीर्तन, गडकिल्ले, स्पर्धा परीक्षा अशा विषयांवर मराठीत मन लावून काम करणारी माणसं आता जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि काहींचं घर त्यावर चालतं. ही कमाई कष्टाची आहे. म्हणूनच ती कशावर उभी आहे याबद्दलचे गैरसमज वेळीच दूर व्हायला हवेत.

‘चॅनेल माझ्या मालकीचं आहे’

इथे दोन वेगळे हक्क एकात मिसळले जातात. तुम्ही स्वतः लिहिलेला, चित्रित केलेला, संपादित केलेला व्हिडिओ कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार तुमचा असतो (नोकरीचा भाग म्हणून केला असेल तर सहसा मालकाचा). अपलोड केल्याने ही मालकी जात नाही. प्लॅटफॉर्मला तुम्ही फक्त परवाना देता. तो जगभर लागू असतो, त्यासाठी कंपनी वेगळं मानधन देत नाही आणि तो पुढे इतरांनाही देता येतो. तेव्हा ‘यूट्यूबवर टाकलं की ते यूट्यूबचं झालं’ ही भीती चुकीची आहे.

चॅनेलचं मात्र तसं नाही. चॅनेल, पेज, हँडल म्हणजे कंपनीच्या अटी मान्य करून मिळालेली वापराची सोय. अटी बदलण्याचा आणि अटी मोडल्या असं वाटलं तर खातं बंद करण्याचा अधिकार कंपनी स्वतःकडे ठेवते. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वाने महाराष्ट्रात कुळांना हक्क मिळाले. राबेल त्याचं चॅनेल असं म्हणणारा कायदा आपल्याकडे नाही. दहा वर्षांच्या मेहनतीने उभं राहिलेलं चॅनेल आणि काल उघडलेलं चॅनेल, दोन्ही त्याच अटींवर चालतात.

‘जाहिरात दिसते, म्हणजे पैसे मिळतात’

हा समज प्रेक्षकांमध्ये जास्त आहे आणि नातेवाइकांमध्ये तर फारच. यूट्यूबने २०२० च्या अखेरीपासून आपल्या अटींमध्ये असा बदल केला की, कमाईत वाटा देणाऱ्या भागीदार कार्यक्रमात (पार्टनर प्रोग्राम) नसलेल्या चॅनेलांवरही जाहिराती लावता येतील आणि त्यांतून त्या चॅनेलला काही द्यावं लागणार नाही. भागीदार झाल्यावर मोठ्या व्हिडिओंवरच्या जाहिरात उत्पन्नाचा ५५ टक्के वाटा क्रिएटरला मिळतो, शॉर्ट्सच्या बाबतीत ४५ टक्के.

भागीदार होण्याची पात्रताही कंपनीच ठरवते आणि बदलते. एप्रिल २०१७ पासून एकूण १०,००० व्ह्यूज पुरेसे होते. जानेवारी २०१८ मध्ये ती अट १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास वॉच टाइम अशी झाली, आणि आधीपासून कमावत असलेल्या लहान चॅनेलांनाही ती लागू झाली. त्यांच्याकडून कोणतीही चूक घडली नव्हती. अमेरिकेतले मराठी प्रेक्षक ज्यांना लाभले आहेत, त्यांच्यासाठी आणखी एक बाब: जून २०२१ पासून अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. करविषयक फॉर्म भरून करारातल्या सवलतीचा दावा केला, तर भारतातल्या क्रिएटरसाठी हा दर १५ टक्के असतो. फॉर्म भरलाच नाही, तर जगभरातल्या एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते.

‘दोन लाख सबस्क्रायबर आहेत, म्हणजे दोन लाख माणसं माझी आहेत’

माझ्या मते सगळ्यांत खोल रुजलेला गैरसमज हाच. सबस्क्रायबरचा आकडा क्रिएटरला दिसतो, माणसं दिसत नाहीत. यूट्यूब तुम्हाला त्यांचे ईमेल पत्ते देत नाही, इन्स्टाग्राम फोन नंबर देत नाही. उद्या चॅनेल गेलं तर त्यांतल्या एकालाही ‘मी आता इथे आहे’ असं कळवण्याचा मार्ग तुमच्या हातात उरत नाही.

चॅनेल सुरू असतानाही तुमचा प्रत्येक व्हिडिओ त्यांच्यापर्यंत जाईल असं नाही. बेलचं बटण ‘सर्व’वर ठेवलेलं नसेल, तर कोणती सूचना पाठवायची हे यंत्रणा ठरवते. होम पानावर काय येईल हेही तीच ठरवते. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केलं की, यापुढे फीडमध्ये पेजेसपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य मिळेल. ज्यांनी ‘आमचं पेज लाइक करा’ म्हणत वर्षानुवर्षं माणसं जोडली होती, त्यांच्यावर आपल्याच जोडलेल्या माणसांपर्यंत पोचण्यासाठी पोस्ट बूस्ट करण्याची, म्हणजे पैसे मोजण्याची वेळ आली.

यावर पुष्कळजण म्हणतात, ‘आम्ही व्हॉट्सॲप चॅनेल काढलंय.’ त्यातही फॉलोअर्सचे नंबर चालवणाऱ्याला दिसत नाहीत. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये नंबर तुमच्याकडे असतात, पण एका लिस्टमध्ये २५६ जणच मावतात आणि तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. शिवाय व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम आणि फेसबुक या तिन्हींची मालक कंपनी एकच आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ही तिन्ही एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडली, तेव्हा ‘आम्ही तीन ठिकाणी आहोत’ म्हणणारे प्रत्यक्षात एकाच ठिकाणी होते हे स्पष्ट झालं.

‘नियम पाळले की काही होत नाही’

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होतं. भारतात त्याचे सुमारे २० कोटी वापरकर्ते होते. खेड्यापाड्यांतल्या, कुठल्याही ऑडिशनला कधीच जाऊ न शकलेल्या कलाकारांना तिथे पहिल्यांदा प्रेक्षक मिळाला होता. देशाच्या सुरक्षेसाठी घेतलेल्या त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी जात नाही. एवढंच लक्षात घ्यावं की, त्या कलाकारांनी कोणताही नियम मोडला नव्हता, तरी त्यांचे फॉलोअर्स त्यांच्या हातून गेले. काहीजण इन्स्टाग्राम रील्स किंवा यूट्यूबवर पुन्हा उभे राहिले. अनेकांना ते जमलं नाही.

दुसरा धोका चोरीचा. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या सारोळा कासार इथल्या सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ हे पाककृतींचं चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं. त्यांना ते काही दिवसांत परत मिळालं. अशा चोऱ्या कशा होतात हे गूगलच्याच सुरक्षा पथकाने २०२१ मध्ये सविस्तर मांडलं. कोलॅबचा प्रस्ताव म्हणून ईमेल येतो, ‘आमचं सॉफ्टवेअर वापरून पाहा’ असं सांगतो, आणि ते उघडलं की ब्राउझरमधल्या कुकीज चोरल्या जातात. कुकी हाती लागली की चोर आधीच लॉगिन झालेला असतो. पासवर्डची आणि मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचीही त्याला गरज पडत नाही. ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलंय, आता चिंता नाही’ हा समज म्हणूनच अर्धाच खरा. ते लावायलाच हवं, पण ज्या कॉम्प्युटरवर चॅनेल उघडता, त्यावर अनोळखी फाइल उघडू नये.

तिसरी गोष्ट कॉपीराइटची, आणि यात क्लेम व स्ट्राइक यांची कायम गल्लत होते. क्लेम ‘कॉन्टेंट आयडी’ या यूट्यूबच्या जुळणी शोधणाऱ्या यंत्रणेकडून आपोआप लागतो. त्यामुळे चॅनेलला धोका सहसा नसतो, पण त्या व्हिडिओची कमाई दावा करणाऱ्याकडे जाऊ शकते. रामदासांच्या गणपतीच्या आरतीचं उदाहरण घ्या. १७ व्या शतकातल्या त्या शब्दांवर आज कोणाचाही हक्क नाही. एखाद्या कंपनीने काढलेल्या ध्वनिमुद्रणावर मात्र प्रकाशनापासून ६० वर्षं हक्क असतो. घरच्या गणपतीचा व्हिडिओ करताना मागे स्पीकरवर ती रेकॉर्ड वाजत असेल, तर क्लेम येणार. घरच्यांनी स्वतः म्हटली असेल आणि तरीही आला, तर तो खोडून काढता येतो. अशी हरकत पाच दिवसांच्या आत घेतली, तर वादाच्या काळातली पहिल्या दिवसापासूनची कमाई बाजूला राखून ठेवली जाते. हे पाच दिवस बहुतेकांच्या हातून निसटतात.

हक्कधारकाच्या मागणीवरून व्हिडिओ काढला गेला की लागणारी स्ट्राइक मात्र गंभीर असते. ९० दिवसांत तीन आल्या, तर चॅनेल बंद होऊ शकतं. मे २०२५ मध्ये काही यूट्यूबरांनी जाहीर आरोप केला की, काही सेकंदांच्या फुटेजवरून स्ट्राइक देऊन एएनआय ही वृत्तसंस्था परवान्यापोटी लाखो रुपये मागते. आपण आपला कायदेशीर हक्क बजावत आहोत, असं संस्थेचं म्हणणं होतं, आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये टीका, समीक्षा आणि चालू घडामोडींच्या वृत्तांकनासाठी रास्त वापराला मुभा आहे, पण ‘रास्त’ म्हणजे किती याचा निवाडा न्यायालय करतं. स्ट्राइकचा काटा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो, आणि लहान क्रिएटर इथेच हतबल होतो.

‘एवढी मोठी कंपनी थोडीच बंद होणार?’

ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. व्हाइन जानेवारी २०१७ मध्ये, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. कंपनी बंद पडावी लागत नाही. गूगल आजही आहे, प्लस नाही. मायस्पेस चालू होतं, तरी २००३ ते २०१५ या काळात तिथे ठेवलेलं संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. कित्येक बँडच्या गाण्यांची एकमेव प्रत तिथेच होती. परदेशीऐवजी भारतीय प्लॅटफॉर्म निवडला की प्रश्न सुटतो, असंही नाही: मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद झालं.

‘दाद मागायला जागाच नाही’

वरचं सगळं वाचून असं वाटेल, पण हाही गैरसमजच. माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमाला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. ठरावीक प्रकरणांत कंपनीने स्वतःहून मजकूर काढला, तर तो का काढला हे कळवावं लागतं आणि म्हणणं मांडायची रास्त संधी द्यावी लागते. त्या अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान झालं नाही, तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं. अशा तीन समित्या २०२३ पासून काम करत आहेत.

याला मर्यादा आहेत. ‘माझा रीच पडला’ ही तक्रार या चौकटीत बसत नाही. पण काढून टाकलेला व्हिडिओ किंवा निलंबित खातं यासाठी हा रस्ता आहे, आणि ॲपमधलं ‘अपील’चं बटण एकदा दाबून, उत्तर आलं नाही म्हणून गप्प बसणाऱ्या क्रिएटरनी तो वापरलाच पाहिजे. त्यासाठी आलेली प्रत्येक ईमेल, स्क्रीनशॉट आणि तारीख जपून ठेवा.

‘स्वतःची वेबसाइट काढली की सुटलो’

पूर्ण सुटका तिथेही नाही. डोमेनचं नूतनीकरण करावं लागतं, होस्टिंग दुसऱ्याचं असतं आणि वाचक गूगलवरूनच येतात. डोमेन साइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नोंदलेलं राहतं, हे तर नेहमीचं. फरक एवढाच की, डोमेन तुमच्या नावावर असेल तर होस्टिंग बदलूनही पत्ता तोच राहतो, आणि वाचकांनी स्वतःहून दिलेले ईमेल पत्ते तुमच्याबरोबर येतात.

म्हणून प्लॅटफॉर्म सोडा, असं मी म्हणणार नाही. मराठी माणसाला इतका मोठा प्रेक्षक आधी कोणी मिळवून दिला नव्हता. तिथेच काम करावं, पण मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर असावी, वर्णनात स्वतःच्या साइटचा दुवा असावा, आणि चॅनेल कोणाच्या जीमेलवर उघडलंय हे आज तपासावं. अनेक चॅनेलं भाच्याच्या किंवा एडिटरच्या खात्यावर निघालेली असतात. ब्रँड अकाउंट (एकाहून अधिक जणांना चालवता येणारं खातं) असेल, तर दुसरा मालक जोडता येतो. पण नव्या मालकाला मुख्य मालक करण्याआधी सात दिवस थांबावं लागतं, म्हणजे भांडण झाल्यावर ही धावपळ उपयोगाची नाही.

आणि घरात एक विषय काढावाच लागेल. लिखाणाचा कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं, तर व्हिडिओचा प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो, आणि तो वारसांकडे जातो. पण लॉगिन कोणालाच माहीत नसेल, तर वारसांच्या हाती फारसं काही लागत नाही. गूगलच्या सेटिंग्जमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं ३ ते १८ महिने वापरलं गेलं नाही, तर कोणाला कळवायचं आणि कोणता डेटा त्यांना द्यायचा, हे त्यात लिहून ठेवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात.