आळीतून सड्यावर

रत्नागिरीत आलेला पाहुणा टिळकांचं जन्मघर, थिबा पॅलेस आणि रत्नदुर्ग रिक्षानं उरकतो आणि दुपारी गणपतीपुळ्याची वाट धरतो. शहर त्याला दिसतच नाही. ते चढउतारात आहे आणि रिक्षा चढ टाळून वळसे घेते.

खाली समुद्र आणि भाट्याची खाडी, उतारावर आळ्या नि वाड्या, डोक्यावर सडा म्हणजे उघडा कातळमाळ, ही मांडणी जांभ्या दगडाची करणी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडणारा पाऊस सच्छिद्र जांभ्यात मुरतो, खालच्या चिकण थरावर अडतो आणि उताराच्या अंगानं झरा होऊन बाहेर पडतो. म्हणून विहिरी तिथे, माड-पोफळी तिथे, घरंही तिथेच. सड्यावर ना माती टिकते ना पाणी. वर-खाली जायला पाखाड्या: चिऱ्यांच्या पायऱ्या, दोन्हीकडे गडगे, मध्येच कुणाचं तरी अंगण. घरचं माणूस बाहेर असेल तर ‘कोणाकडे?’ हा प्रश्न ठरलेला. रागावू नये, पुढची वाटही तेच सांगतात.

टिळक आळीत १८५६ साली लोकमान्य जन्मले, हे पाटीवर वाचून झालं की गाडीत परत बसू नका. तिथून पायीच पतितपावन मंदिर गाठता येतं. सावरकर इथे १९२४ ते १९३७ स्थानबद्ध होते. त्यांच्या पुढाकारानं आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशानं १९३१ साली हे मंदिर सर्व जातींसाठी उघडं झालं. थिबा राजाचंही तसंच. १९१० च्या सुमारास बांधलेला राजवाडा सगळे पाहतात, पण १९१६ साली इथेच वारलेल्या या ब्रह्मी राजाची समाधी वस्तीत दडलेली आहे आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. २०१६ साली म्यानमारचे उपराष्ट्रपती नि लष्करप्रमुख मात्र मुद्दाम तिथवर आले होते.

खरी मजा आळी संपल्यावर. पाखाडी चढत गेलात की घरं संपतात, कलमांच्या बागा मागे पडतात आणि एकदम कातळ लागतो. सह्याद्रीतल्या ट्रेकची सवय असलेल्यांना हा सपाट माळ पहिल्यांदा कंटाळवाणा वाटतो. पण ऑगस्ट-सप्टेंबरात त्याच कातळावर सीतेची आसवं आणि गेंद फुलतात, पायाखालच्या खळग्यांत पाणी साचतं. आणि याच कातळात कोरलेली कातळशिल्पं सापडली. कोकणातल्या नऊ ठिकाणांची नावं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्यांतली उक्षी आणि जांभरुण ही दोन रत्नागिरी तालुक्यातलीच. उक्षीचा हत्ती एवढा मोठा की जवळ उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. थोडं उंचावरून पाहिल्याशिवाय सोंड कळत नाही. इतर काही सड्यांवर गेंडाही कोरलेला आहे, जो आज कोकणात औषधालाही नाही. कोरणारे कोण, कधीचे, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

जाणार असाल तर भर पावसात कातळावरचं शेवाळ सांभाळा आणि मे महिन्यातली दुपार टाळा. सावलीला झाड मिळणार नाही. चपला-बूट घालून चित्रावर चढू नका. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. परतीची गाडी आधी विचारून ठेवा आणि पाणी घरूनच न्या.