कोड कशात लिहायचा?

आमच्या गटाच्या मालाचं दरपत्रक वेबपानावर टाकायचं, असं मागे आम्ही ठरवलं. आंगणेवाडीची जत्रा तोंडावर होती. तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते, त्यामुळे दिवस मोजकेच. आगळ, कुळथाची पिठी, मालवणी मसाला, सगळ्याचे दर आणि फोटो लावायचे होते. पानाचा कोड लिहायला बसलो वर्डमध्ये, कारण आम्हाला तेवढंच येत होतं.

तो कोड उचलून फाईलमध्ये टाकला, तर एकही फोटो दिसेना. वर्ड पत्र लिहायला चांगलं, पण ते सरळ अवतरणचिन्ह आपणहून वाकडं करतं. कोडला सरळच लागतं. म्हणून कोडसाठी टेक्स्ट एडिटर वापरायचा. आपण टाइप केलं तेवढंच तो ठेवतो, पदरचं काही घालत नाही.

मग नोटपॅड घेतलं. सेव्ह करताना एक सूचना आली, ती न वाचताच आम्ही ओके दाबलं. दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं! फाईल 'एएनएसआय' प्रकारात गेली होती, त्यात देवनागरी बसत नाही. सेव्ह करताना खाली 'यूटीएफ-८' निवडायचं. विंडोज १० च्या २०१९ च्या सुधारणेपासून नोटपॅड ते आपणहून करतं, पण जुन्या मशीनवर स्वतः बघावं लागतं. त्या जत्रेला दर पुठ्ठ्यावरच लिहिले.

आता आम्ही नोटपॅड प्लस प्लस वापरतो. ते फुकट आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं आणि कोड रंगात दाखवतं. अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं की पुढचा रंग बिघडतो, चूक लगेच कळते. व्हीएस कोडही फुकटच, सोयी पुष्कळ, पण आमचं मशीन त्याने धापा टाकतं.

शिकलेली मुलं विम घ्या म्हणतात. तो ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये आणला. आवडला तर युगांडातल्या मुलांसाठी पैसे द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. हे आम्हाला फार भावलं. पण त्यात 'आय' दाबल्याशिवाय लिहिता येत नाही आणि बाहेर पडायचंही शिकावं लागतं. सुरुवातीला नको, असं आमचं मत.

एक एडिटर धरा आणि दोन महिने बदलू नका. नव्या आडाळ्यावर हात बसायलाही दिवस लागतातच ना? कंट्रोल धरून एस म्हणजे सेव्ह, झेड म्हणजे चूक मागे, एफ म्हणजे शोध. आधी एवढंच. आणि सूचना आली की वाचल्याशिवाय ओके दाबू नका.