नवे यंत्र आणि जुनी अक्षरे

मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या संगणकप्रणालीचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी काढून घेतला आणि वसईसारख्या गावातील शाळा, पतपेढ्या, वाचनालये व लहान मुद्रणालये यांच्यापुढे प्रणाली बदलण्याचा प्रश्न उभा राहिला. त्याचा विचार बहुधा खर्चाच्या अंगानेच होतो. ‘विंडोज ११’ ला टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था लागते. अनेक जुन्या संगणकांत ती नाही. तेव्हा नवा संगणक कितीला पडेल, एवढीच चौकशी केली जाते. जुन्या सॉफ्टवेअरच्या आधारे जे मराठी लिखाण साठले आहे त्याचे काय होणार, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

युनिकोड ही लिपिसंहिता १९९१ मध्ये अवतरली, परंतु मराठी अक्षरजुळणीत ती रुळण्यास पुढे बराच काळ जावा लागला. तोवर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी आदी फॉन्टांनी मराठीचा संसार चालविला. इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकृत्या बसवावयाच्या, ही त्यांची सर्वसाधारण युक्ती. फॉन्ट आहे तोवर मजकूर मराठी; तो नाहीसा होताच पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ! शिवाय डॉसच्या काळातील अनेक हिशेबी प्रोग्रॅम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि ‘विंडोज ११’ ची ३२-बिट आवृत्तीच नाही. एके काळी घरोघरच्या डीटीपीचा आधार असलेल्या पेजमेकरची शेवटची प्रमुख आवृत्ती २००१ सालची आहे.

लिखाण शिल्लक राहावे आणि वाचणारा नाहीसा व्हावा, ही आपत्ती मराठीला नवी नाही. मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला मराठ्यांच्या हाती आला. त्या मोहिमेची पत्रे पेशवे दफ्तरात सुरक्षित आहेत. पण ती मोडीत आहेत. विसाव्या शतकात मोडी शाळांतून व कचेऱ्यांतून गेली आणि पणजोबांचा कागद पणतूला परका झाला. तरीही कागद डोळ्यांना दिसतो, मोडी शिकून वाचता येतो. फाइलीला तेवढाही आधार नाही. वसईच्या सामवेदी बोलीतील एखादा गीतसंग्रह किंवा शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका जर केवळ जुन्या फॉन्टात उरली असेल, तर ती पुन्हा लिहून देणारी माणसे उद्या भेटतीलच असे नाही.

यावरून जुनी प्रणाली कवटाळून बसावे, असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. आधार संपलेल्या प्रणालीतील छिद्रे बुजविली जात नाहीत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ ने जगभर घातलेला धुमाकूळ विस्मरणात जाऊ नये. बदल हवाच, परंतु त्याचा क्रम विवेकाचा असावा. आधी संगणकातील सर्व सॉफ्टवेअर व फॉन्ट यांची यादी करावी. जे वापरात नाही ते काढून टाकावे. जे हवे आहे त्याची नव्या प्रणालीवर चालणारी आवृत्ती मिळते काय, हे पाहावे. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ प्रत जुन्या यंत्रावरच काढावी, नंतर मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा व दोन निराळ्या ठिकाणी जपावा. हे रूपांतर डोळे झाकून स्वीकारू नये. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व इकार अक्षराच्या आधी, तर युनिकोडमध्ये नंतर नोंदला जातो. रफाराचा क्रमही असाच उलटतो. म्हणून छापील प्रतीशी ताडून मुद्रितशोधन करणे आवश्यक आहे. सर्व पडताळणी होईपर्यंत जुना संगणक, इंटरनेटपासून तोडून, जवळ ठेवावा.

हे काम यंत्र दुरुस्त करणाऱ्यावर सोपविता येणार नाही. कोणता कागद मोलाचा, हे शाळेच्या शिक्षकाला आणि कचेरीच्या कारकुनालाच ठाऊक असते. युनिकोडमध्ये सहज लिहिणारे विद्यार्थी त्यांच्या मदतीला येऊ शकतात. जुना संगणक भंगारात जाण्यापूर्वी चार सुट्ट्या या कामी लागल्या, तर त्या सत्कारणी लागल्या असेच म्हणावे लागेल.